तो धूर नव्हे

तूप मागितलं की औरंगपुऱ्यातला आमचा नेहमीचा दुकानदार डब्याकडे हात नेण्याआधी विचारतो, "खायचं का पूजेचं?" मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून हा प्रश्न ऐकत आले आणि चारचौघांसारखं मुकाट उत्तर देत आले. खायची सुपारी वेगळी, पूजेची वेगळी. पूजेचे बदाम म्हणजे ज्यांच्यात गर उरलेला नाही असे. पूजेची खारीक दगडासारखी, पूजेचा मध म्हणजे साखरेचा पाक. आणि पूजेचं तूप कशाचं असतं ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसावं. डब्यावर बारीक अक्षरांत छापलेलं असतं की हे खाण्यासाठी नाही. देवाला चालतं. देव तक्रार करत नाही, आणि देवाच्या जवळ जो बसतो त्याला कुणी विचारत नाही. तो जवळ बसणारा माणूस म्हणजे माझे वडील.

घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. आमच्या घराण्यात पूर्वी सगळेच पोथीवाले. मग एकेक जण कचेरीत चिकटला, त्यांची मुलं इंजिनिअर होऊन पुण्याला गेली, आणि आता ती मंडळी सणासुदीला फोन करून "अण्णा, मुहूर्त कितीचा?" एवढं विचारतात. अण्णा एकटे भिक्षुकीत राहिले. नाइलाजानं नव्हे, हौसेनं. लग्नं, मुंजी, सत्यनारायण सगळं करायचे, पण त्यांचा जीव होमात. एरवी दूधवाल्याशीसुद्धा दबकत बोलणारा हा माणूस कुंडापुढं बसला की ताठ व्हायचा. "स्वाहा" म्हणताना शेवटचा आ ते इतका लांबवायचे की आहुती पडून ज्वाळ वर येईपर्यंत आवाज टिकायचा. लोक म्हणायचे, गुरुजींचा दम दांडगा आहे. त्या दमाचा मला फार अभिमान होता.

माझ्याबद्दल थोडं सांगते. मी शाळेत विज्ञान शिकवते. नवऱ्याचं घर सोडून एक बॅग घेऊन परत आले त्या दुपारी अण्णा नुकतेच पानावर बसत होते. मला दारात पाहून त्यांनी आईला एवढंच सांगितलं, "हिचं पान वाढ." का आलीस, किती दिवस राहणार, लोक काय म्हणतील, काही विचारलं नाही. त्यानंतर आजतागायत तो विषय त्यांनी काढलेला नाही. पुढं मी त्यांच्याशी जे वागले ते अशा बापाची मुलगी म्हणून वागले, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

पूर्वीचे होम उघड्यावर व्हायचे. अंगणात, गच्चीवर, फार तर मागच्या पडवीत. अण्णा स्वतः खुलताबादच्या डोंगराकडं जाऊन पळसाच्या, आंब्याच्या वाळक्या समिधा घेऊन यायचे. धूर व्हायचा, डोळे चुरचुरायचे, पण वारा असायचा. मग चिकलठाण्याकडं कारखान्यांच्या आजूबाजूला उंच इमारती उठू लागल्या. शेती विकून, कंपनीत नोकरी धरून लोक तिथं फ्लॅट घेऊ लागले, आणि ज्याला फ्लॅट मिळाला त्याला वास्तुशांत हवी. अण्णांना मोसमात श्वास घ्यायला फुरसत नसायची. हे मी सहज लिहून गेले, पण ते शब्दशः खरं ठरलं.

अशा एका वास्तुशांतीला मी हजर होते. यजमानांचा मुलगा माझ्या वर्गात, त्यामुळं मला जेवायचं आवतण होतं. गेले तर दिवाणखान्यात अण्णा विटा मांडून बसलेले आणि खिडक्या झाडून सगळ्या बंद. भिंतींना ताज्या रंगाचा वास, फर्निचरला ताज्या गोंदाचा वास, त्यात कापूर. मी सरकती काच ओढायला गेले तर यजमान धावत आले.

"मॅडम, खिडकी नका उघडू. कंपनीचा वास लई येऊ लागलाय बाहेरून. डोकं दुखतंय आमचं."

म्हणजे बाहेरचा वास आत नको म्हणून आतला धूर आतच. मी म्हटलं, मग स्वयंपाकघरात बसवा गुरुजींना, तिथं धूर ओढणारी चिमणी आहे. यजमानीणबाई म्हणाल्या, "नवी हाय ओ चिमणी, खराब होईल." तेवढ्यात यजमानांनी वर बोट दाखवून अण्णांना सांगितलं, "गुरुजी, ज्वाळ जरा कमीच ठेवा. सिलिंग काळं नको व्हायला. अस्तर मारून, पुट्टी करून, दोन हात रंग दिलाय."

छताच्या अस्तराची ही काळजी. ज्यानं कधी आग पेटवली आहे त्याला माहीत असतं की ज्वाळ दाबली की धूर दुप्पट होतो. अण्णांना तर चांगलंच माहीत होतं. ते "बरं" म्हणाले आणि त्यांनी ज्वाळ दाबली.

समिधांची पुडी पहिल्या तासातच संपली. यजमानांनी आणलेली ती दुकानातली पुडी, दातकोरण्यांएवढ्या काड्या. आता काय करायचं, म्हणून सगळे एकमेकांकडं पाहू लागले. आतल्या खोलीत कपाटाची दारं बसवत असलेला सुतार बाहेर आला आणि त्यानं भल्या मनानं आपल्याकडचे तुकडे पुढं केले. "महाराज, लकडी होना क्या? ये लेलेव, पूरा सूखा है." प्लायवूडचे तुकडे. काहींवर चकचकीत सनमायका चिकटवलेला तसाच. मी तोंड उघडणार तोच अण्णांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. कार्यात विघ्न नको, असा त्या पाहण्याचा अर्थ. ते तुकडे कुंडात गेले.

प्लायवूड धड पेटेना. अग्नीला तोंडानं फुंकर घालायची नाही, उष्टा श्वास लागतो, असा आमच्यात नियम आहे. त्यासाठी पितळी फुंकणी असते. अण्णा ती तोंडाला लावून कुंडावर वाकत, फुंकत, आणि मग पुढच्या फुंकरीसाठी श्वास घेत. तो श्वास कुठून घेत असतील? जिथं तोंड होतं तिथूनच. वर पूजेचं तूप पडत होतं आणि त्यातून काळपट, डोळ्यात सुया टोचल्यासारखा धूर उठत होता. घरची सगळी मंडळी एव्हाना गॅलरीत जाऊन उभी होती, दार ओढून घेऊन. कंपनीचा वास त्यांना आता चालत होता. पूर्णाहुतीला मात्र सगळे रेशमी साड्या सावरत आत आले, फोटो काढले, एका पाहुण्यानं गावाकडच्या म्हाताऱ्यांना फोनवर होम दाखवला, आणि पुन्हा खोकत बाहेर पळाले.

मग जेवणं झाली. पुरणपोळीवर तूप वाढलं. रवाळ, घमघमीत, लोणकढं. ते खायचं होतं.

परत येताना अण्णा माझ्या स्कुटीवर मागं बसले होते. जालना रोडला एका ट्रकनं काळा लोट सोडला तशी त्यांनी उपरण्याचा पदर नाकावर दाबला आणि मला म्हणाले, "काय हा धूर बाई! माणसानं जगावं कसं या शहरात?" मला हसावं का गाडी थांबवून रडावं ते कळेना. मी गाडी चालवत राहिले.

खोकला त्याआधीही होता. पण त्या मोसमानंतर तो मुक्कामाला आला. सकाळी उठल्यावर तो बराच वेळ चाले आणि मग अण्णा भिंतीला धरून बसत. आवाज खरखरीत झाला. औरंगपुऱ्यातल्या आमच्या घराचा जिना चढताना मधल्या वळणावर थांबायला लागले, आणि कुणी पाहिलं तर चप्पल नीट करतोय असं दाखवायला लागले. बोटांना भेगा पडायच्या, पापण्या सुजायच्या. आई दोन डॉक्टरांकडं घेऊन गेली. दोघांनी विचारलं, बिडी-सिगारेट? नाही. घरात चूल? नाही, गॅस आहे. धुराशी संबंध? नाही. अण्णा नाही म्हणाले, आईही नाही म्हणाली. मग ॲलर्जीच्या गोळ्या सुरू झाल्या, आईनं उशांचे अभ्रे उकळून काढले, घरातली जुनी गोधडी टाकून दिली, आणि खोकला होता तिथंच राहिला.

दोघंही खोटं बोलले नव्हते, हे लक्षात घ्या. हे आमच्यासारख्याच घरात होऊ शकतं.

तिसऱ्या वेळी मी सोबत गेले. छातीची डॉक्टर होती, वयानं माझ्याहून बरीच लहान. तिनं तेच प्रश्न विचारले. सिगारेट म्हटल्यावर अण्णा खुर्चीत मागं सरकले. ज्यानं सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नाही त्याला हे विचारायचं! मग ती म्हणाली, "काका, कधी धुरात काम केलंय का? भट्टी, कारखाना, काहीही?"

"नाही," अण्णा म्हणाले.

"डॉक्टर," मी म्हटलं, "हे होम करतात. उभा जन्म करतायत. बंद खोल्यांत."

अण्णांनी माझ्याकडं वळून पाहिलं. रागानं नव्हे, आश्चर्यानं. मी काहीतरी गावंढळ बोलले असं.

"तो धूर नव्हे," ते म्हणाले.

डॉक्टर जरा गोंधळली. तिच्याही गळ्यात कुठल्याशा देवाचा ताईत होता. ती हळूच म्हणाली, "हो काका, पण फुप्फुसांना तो फरक कळत नाही ना."

"फुप्फुसांना कळतं," अण्णा म्हणाले. "तुम्हाला कळत नाही."

मग तिनं नळीत फुंकायची तपासणी करायला लावली. शेजारी उभा राहून एक माणूस ओरडत होता, "फुंका आजोबा, फुंका, आणखी, आणखी, सोडू नका!" आणि ज्यांचा दम दांडगा म्हणून लोक मान डोलवायचे ते माझे वडील गाल फुगवून, कपाळाच्या शिरा तट्ट करून फुंकत होते आणि पडद्यावरची रेघ वर जायचं नाव घेत नव्हती. शेवटी त्यांनी नळी खाली ठेवली आणि आम्हा कुणाकडंही न बघता उपरण्यानं तोंड पुसलं. मला त्या ओरडणाऱ्या माणसाचा इतका राग आला होता की त्याच्या हातातलं यंत्र हिसकावून घ्यावं. त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

डॉक्टरनं कागदावर आकृती काढून समजावलं. श्वासनळीला आतून अस्तर असतं. एकमेकींना घट्ट चिकटून उभ्या असलेल्या पेशींचं. त्यावर चिकट ओलाव्याचा पातळ थर आणि सारखे हलणारे बारीक केस. बाहेरून आलेली धूळ, जंतू त्या ओलाव्यात अडकतात आणि केस त्यांना झाडून घशाकडं परत पाठवतात. धूर रोज लागत राहिला की केस झडतात, चिकटा वाढतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पेशींमधले सांधे उसवतात. मग जे उंबऱ्याबाहेर अडायला हवं ते थेट माजघरात शिरतं. शरीर चवताळून उठतं, सूज येते, सुजेनं अस्तर आणखी उसवतं. तिनं अण्णांचा हात हातात घेऊन बोटांच्या भेगा पाहिल्या आणि म्हणाली, "हे पण तेच. कातडी म्हणजे बाहेरचं अस्तर. कुंकू, गुलाल, ती भांडी घासायची पावडर, काय काय लागत असेल याला."

मी हे शिकवते. अभिस्तर ऊती, नववीचा धडा. संरक्षण हे यांचं मुख्य कार्य. मुलं घोकतात, मी बरोबरची खूण करते आणि अर्धा गुण देते.

अण्णा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "कोटाचं अस्तर फाटलं की शिंपी बदलून देतो."

"हे बदलून नाही मिळत काका," डॉक्टर म्हणाली. "उरलंय ते सांभाळायचं. धूर बंद."

धूर बंद. अण्णांनी मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी होमाला गेले. धूर बंद करायला त्यांची कधीच ना नव्हती. ते उदबत्तीवाल्या रिक्षात बसेनात, कचरा जळत असेल त्या गल्लीनं जाईनात, शेजारच्या पोरांनी फटाके उडवले तर खिडकी लावून घेत. फक्त होम चालूच होता, कारण तो धूर नव्हे.

मी भांडले. मग युक्तीनं घ्यायचं ठरवलं. चांगल्यातला मास्क आणला. अण्णांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि आईला म्हणाले, "हे लावून देवाशी बोलू? त्याला वाटेल मला रोग झालाय." झालेलाच होता. मग मी म्हटलं, निदान तूप तरी आपलं न्या. घरी कढवलेलं तूप बरणीत भरून दिलं. तर ज्या घरी गेले तिथले यजमान फुगले. त्यांचा मला संध्याकाळी फोन. "काय ओ ताई, आमच्या तुपात काय खोट हाय? देवाला चालतंय, अन् गुरुजीला चालत नाय व्हय?"

उत्तर सुचलं होतं, पण ते शिक्षिकेनं फोनवर द्यायचं नव्हतं. बरोबरीच्या भिक्षुकांत बोभाटा झाला की गुरुजींना हल्ली साजूक लागतं. अण्णांनी बरणी न्यायचं बंद केलं.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरसमोर भेसळवाल्यांच्या नावानं यथेच्छ बोटं मोडली. वाटलं, ती तरी माझ्या बाजूनं बोलेल. ती म्हणाली, "ताई, प्लायवूड आणि ते तूप वाईटच. पण आता साजूक तुपाचा धूरसुद्धा त्यांना तेवढाच घातक आहे. फाटलेल्या अस्तराला सोवळं-ओवळं कळत नाही." दुकानदार, यजमान, तो डबा भरणारा कुणी अदृश्य माणूस, यांच्यावर सगळा राग काढायची सोय होती, तीही गेली. तरी माझा त्यांच्यावरचा राग गेला नाही. उभ्या शहरात चांगलं ते खायला आणि वाईट ते जाळायला, आणि जाळलेलं ज्याच्या छातीत जातं त्याला वाकून नमस्कार. नमस्काराला काही लागत नाही.

शेवटी शरीरानंच निकाल लावला. एका होमात पूर्णाहुतीच्या वेळी अण्णा उभे राहिले, मंत्र म्हटला, आणि "स्वाहा"ला आवाज फुटला नाही. ओठ हलले नुसते. शेजारच्या भिक्षुकानं ओरडून स्वाहा पुरं केलं आणि अण्णांना धरून खाली बसवलं. तिथून दवाखाना, दवाखान्यातून बऱ्याच दिवसांनी घर. घरी आले ते नाकात नळी आणि शेजारी ऑक्सिजनचं मशीन घेऊन. दिवसाचा बहुतेक वेळ ती नळी हवीच, असं सांगितलेलं.

मशीन बसवायला आलेला माणूस सूचना देत होता. फिल्टर धुवा, नळी दुमडू देऊ नका. मग त्याची नजर कोपऱ्यातल्या देव्हाऱ्याकडं गेली. आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. अण्णांची खाट आणि देव एकाच खोलीत. "ताई, तो दिवा बंद करावा लागेल. उदबत्ती, काडी, कायबी नको या खोलीत. ऑक्सिजन हाय, भडका उडतो." आई पुतळ्यासारखी उभी राहिली. आमच्या घरात त्या दिव्यात सकाळ-संध्याकाळ तेल घालायचं, एवढं एक काम कधी चुकलेलं नव्हतं. मीच पुढं झाले आणि वात तेलात बुडवली. शांत करणं म्हणतात त्याला, विझवणं म्हणत नाहीत. अण्णांनी डोळे मिटून घेतले होते.

बाजारातून मी विजेचा दिवा आणला, ज्योतीच्या आकाराचा, लुकलुकणारा. अण्णांनी एकदाच पाहून विचारलं, "हे काय आणलंस?" मी म्हटलं, दिवा. ते म्हणाले, "बल्ब म्हण."

तरी ते बोलत होते माझ्याशी. पुस्तक वाचून दाखव म्हणायचे, शाळेतलं विचारायचे. देव दुसऱ्या खोलीत हलवू या, असं मी सुचवलं तर म्हणाले, देव हलवायचे नसतात. श्वास जरा स्थिरावला. डॉक्टर म्हणाली, असंच ठेवलं तर बरीच वर्षं काढतील. मी पेढे आणले. खोटं कशाला बोलू, मला जिंकल्यासारखं वाटलं होतं.

मग आत्या आल्या. अण्णांची एकुलती धाकटी बहीण. त्यांनी भावाची अवस्था पाहून डोळ्यांना पदर लावला आणि जाहीर केलं की मृत्युंजयाचा होम करायचा, अण्णांच्या आयुष्यासाठी. ब्राह्मण त्या ठरवणार, खर्च त्या करणार. मला आधी वाटलं गंमत करतायत. मग अण्णांकडं पाहिलं. कितीतरी महिन्यांनी ते उशीवरून सावरून बसले होते. चेहऱ्यावर तेज आलं होतं. "इथं नको," ते आत्याला सांगत होते, धाप लागत होती तरी, "बाहेरच्या खोलीत मांडा. ईशान्येला तोंड. मी इथून पाहतो. मशीन तेवढा वेळ बंद ठेवू."

"नाही," मी म्हटलं.

"अगं, थोडा वेळ."

"नाही अण्णा. एक काडीसुद्धा नाही या घरात."

आत्या म्हणाल्या, "बापाच्या जिवासाठी चाललंय, अन् तू आडवी येऊ लागलीस?" मी म्हटलं, बापाच्या जिवासाठीच आडवी येतेय. त्या म्हणाल्या, लई शिकलीस. मी म्हटलं, होय, तेवढंच शिकले. आई मध्ये पडायला आली, तिलाही मी गप्प केलं. आत्या ताट वाढलेलं सोडून निघून गेल्या.

अण्णांनी मग मला जवळ बोलावलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्यापुढं हात जोडले. "मी हात नाही लावणार. मंत्र नाही म्हणणार. नुसता बघेन. लांबून."

बाहेरच्या खोलीला एक खिडकी आहे, गल्लीकडं उघडणारी. तिथून वारा आला की आतल्या खोलीत येतो. मला सगळं दिसत होतं: धूर कुठून वळेल, खाटेपर्यंत कसा येईल, उरलेलं ते अस्तर त्याला कसं अडवू शकणार नाही. मी त्यांचे जोडलेले हात सोडवून चादरीखाली ठेवले आणि म्हटलं, "नाही." स्वयंपाकघरातल्या काड्यापेट्यासुद्धा उचलल्या आणि शाळेत नेऊन माझ्या कपाटात ठेवल्या. गॅसला लायटर आहे.

मी बरोबर होते. आजही कुणी विचारलं तर हेच सांगेन. डॉक्टरही हेच म्हणते. त्या गोष्टीला आता बरेच दिवस झाले, अण्णांची नखं निळी पडत नाहीत, भूक लागते, झोप लागते. नळी नीट बसवायची, फिल्टर धुवायचा, बोटाला ते छोटं यंत्र लावून आकडा पाहायचा, हे सगळं मी करते आणि ते करू देतात. हात पुढं करतात, मान वळवतात. बोलतात ते फक्त आईशी.

काल सकाळी शाळेत निघताना मी नेहमीसारखी खाटेशी गेले आणि विचारलं, "अण्णा, श्वास कसा आहे?" ते भिंतीकडं पाहत होते. त्यांनी आईला हाक मारली.

"अगं, हिला सांग," ते म्हणाले. "श्वास चालू आहे. बाकी सगळं तिनं बंद केलंय."